साठ किलो म्हातारपण

माझ्या भावोजींचा विश्वास होता तो फक्त तराजूवर. माणसांवर नव्हता, नोटांवर नव्हता, आणि बँकेचं नाव काढलं तर ते खिसा चाचपायचे. देवावर होता म्हणतात, पण मला वाटतं तोही त्यांनी एकदा तपासून घेतला असावा.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं तराजू दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, आत शिरलेल्या माणसाला वळायचं तर आधी बाहेर यावं लागे. भिंतीवर खुंट्यांना टांगलेली पितळी पारडी, खणात थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने मांडलेली वजनं, बाकाखाली लोखंडी वायसर, म्हणजे नटाखाली घालायच्या भोकाच्या चकत्या, नि मोडक्या साखळ्या यांनी भरलेली बादली आणि सगळ्यावर तेलाचा वास. बाजार त्यांना काटेमास्तर म्हणायचा. तोंडावर आदराने आणि पाठ वळली की दात खाऊन.

दात खाण्याचं कारण होतं. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक त्यांना दुरून दिसायचा. वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरून वजन पुरं करतात. ते शिसं कोणी कोरून काढलं असेल तर भावोजी ते वजन नुसतं तळहातावर घेऊन ओळखायचे. "वजन हलकं झालं की मालक जड होतो," असं म्हणायचे. आयुष्यभर लबाडीच बघितलेला माणूस. घरी येतानाही ते डोळे दुकानात काढून ठेवून थोडेच येणार?

मी त्याच बाजारात एका किराणा दुकानात गल्ल्यावर बसते. मेहुणी गल्ल्यावर आहे म्हणजे काटेमास्तर जरा सांभाळून घेतील, असं आमच्या मालकांना वाटलं होतं. घडलं उलटंच. एकदा भर गिऱ्हाइकांत भावोजी आले. ताईने आदल्या दिवशी नेलेली साखर पुडीसकट काट्यावर ठेवली आणि म्हणाले, "कागद पण साखरेच्याच भावाने विकता काय?" मालक हात जोडून उभे आणि मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

घरी येणारी प्रत्येक वस्तू अशीच पुन्हा तोलली जायची. बटाटे, तेल, साबण. ताई बिचारी भाजीची पिशवी आधी काट्यासमोर नेऊन ठेवायची आणि मग चपला काढायची. मी चिडायचे, ती चिडायची नाही. "त्यांचा स्वभाव आहे गं," म्हणायची. मला तिचा हा शांतपणा कधीच कळला नाही. मला वाटायचं, ही अगदीच गरीब गाय आहे आणि भावोजी तिला पिळून काढताहेत. उरलेला पैसा ते नक्की कुठेतरी तिच्या नकळत दडवत असणार, अशी माझी पक्की समजूत होती. त्यांच्या घरात संशय काय फक्त त्यांनाच यायचा का? मलाही यायचा.

त्यांची पैशाची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी भावोजी जेवणाच्या टेबलावर मिळकतीचे वाटे करायचे. निम्मं घराला. भाडं, किराणा, दूध, वीज, औषध सगळं त्यात. उरलेल्यातलं निम्मं हौसेला आणि निम्मं म्हातारपणाला. घराचे पैसे ताईच्या हातात पडायचे. हौसेच्या नोटा कपाटातल्या पेटीत जायच्या. ती पेटी कुणीही उघडावी, पण कारण सांगून, आणि दर आठवड्याला भावोजी त्यातल्या नोटा थुंकी लावून मोजणार. कारण सांगायचं म्हणजे उलटतपासणी. त्यामुळे त्या घरात कुणी हौस केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. वर्षअखेरीला उरलेल्या नोटांची भावोजी नाणी करून आणायचे आणि म्हातारपणात टाकायचे.

म्हातारपण मात्र नाण्यांत. सगळ्यात मोठं नाणं. त्या एका नाण्यात तेव्हा दिवसाचं दूध आणि भाजी यायची. "नोट भिजते, जळते, वाळवी खाते," भावोजी म्हणायचे, "आणि सरकारच्या मनात आलं तर एका रात्रीत रद्दी होते. नाण्याला वजन असतं." बाजारातून काट्यांच्या देखभालीचे पैसे घेतानाही ते नाणीच मागायचे. ही नाणी एका पत्र्याच्या डब्यात जायची. डब्याला वर एक फट, झाकण कथिलाने जोडून टाकलेलं. डबा भरला की पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि टेबलावर नवा डबा.

आणि हे पैसे ते कधीही मोजत नसत. डबा घरातल्या काट्यावर ठेवायचा, मागच्या महिन्याचं वजन अधिक या महिन्याच्या नाण्यांचं वजन, जुळलं की झालं. मी एकदा विचारलं, "भावोजी, उघडून एकदा मोजत का नाही?"

"मोजायला उघडावं लागतं, आणि उघडलं की मोह होतो. तोलायला उघडावं लागत नाही."

मला त्या वेळी ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. कुणी तब्येत विचारली तर ते म्हणायचे, "बरी आहे. म्हातारपण बावन्न किलो झालंय." पुढच्या वर्षी चोपन्न. आमच्याकडे सगळे हसायचे, ते हसत नसत.

हे वाटे त्यांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यात ठरवले आणि पुन्हा कधी बदलले नाहीत. घरात दोन माणसं होती तेव्हा निम्मं, मुलगी झाली तेव्हाही निम्मं. भाडं दुप्पट झालं तरी निम्मं. पुढे बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले, पारडी भंगारात गेली आणि भावोजींची मिळकत आक्रसत गेली. तेव्हा त्या आक्रसलेल्या मिळकतीचंही निम्मंच. तत्त्व म्हणजे तत्त्व! ताई कधी काही बोलली असेल असं मला वाटत नव्हतं. तिच्या घरात कधी काही कमी पडलेलंही दिसत नव्हतं. दूध तेवढंच यायचं आणि फळंही यायची.

गेल्या वर्षी भावोजींची बोटं थरथरायला लागली. तराजूच्या कामात बोट थरथरलं की संपलं. शिशाचा मोहरीएवढा तुकडा जास्त पडला तरी वजन वाया. एकदा माझ्यादेखत त्यांच्या हातून छोटं वजन निसटून बादलीत पडलं. ते शोधता शोधता ते भंगारवाल्यावर घसरले. बादलीतले वायसर गेली कित्येक वर्षं कमी होताहेत, हा भंगारवाला येता-जाता मूठ मारतो, म्हणून त्याच्याशी त्यांचा अबोला होता. शोधताना त्यांची मान खाली होती, पण हात कसे हलत होते ते मला दिसलं. मग म्हणाले, "साठ झाले की दुकानाला कुलूप. वर्षअखेरीपर्यंत होतात साठ." त्यांच्या सगळ्या आशा त्या साठ किलोंवर होत्या. दुकान बंद करायचं, थरथरती बोटं मांडीवर ठेवायची आणि बसून खायचं. एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते मागणं काही फार नव्हतं.

त्याच सुमारास त्यांची मुलगी आणि जावई राहायला आले. त्यांचं नवं घर तयार व्हायला वेळ होता, तेवढे दोन-तीन महिने. जावई बँकेत कारकून. नाकासमोर चालणारा, हळू बोलणारा मुलगा. पण बँकेचा माणूस आणि तो पलंगाखाली ट्रंक असलेल्या घरात! भावोजींची झोपच उडाली. त्यात पहिल्याच जेवणाला मी होते आणि जावयाने नको तो विषय काढला.

"बाबा, पैसे डब्यात ठेवून वाढत नाहीत."

"कमी तरी होत नाहीत."

"होतात, बाबा. दिसत नाही, पण दरवर्षी कमी होतात."

तो महागाईबद्दल बोलत होता. भावोजींचा घास हातातच राहिला. जावई हात धुवायला उठल्यावर ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "डब्यातले पैसे कमी होतात, हे याला कसं माहीत?"

झालं. शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवसापासून डब्यात पडणाऱ्या प्रत्येक नाण्याच्या कडेवर ते एक बारीक टिंब ठोकायला लागले. वजनांवर खूण करायचा त्यांचा एक छोटा ठसा होता, त्याने. कानशीने घासलं असतं तर कण झडून वजन कमी झालं असतं, ठोकल्याने होत नाही. चोरासाठी लावलेल्या सापळ्यातही वजन चुकता कामा नये, याची काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे टिंबाचं गुपित त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस ते आमच्या दुकानात काटे बघायला आले. हे महिन्यातून एकदा असायचं. काम झाल्यावर मी गल्ल्यातून त्यांचे पैसे दिले, नेहमीसारखे नाण्यांत. ते नाणी बोटांनी फिरवत होते. एका नाण्याशी बोट थांबलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग चष्मा काढून पुन्हा नेलं.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"गिऱ्हाइकाकडून. आमच्या गल्ल्यात झाड नाही लावलेलं."

"कुठल्या गिऱ्हाइकाकडून? आठव." त्यांचा आवाज इतका बदलला होता की मालकांनी गोणीमागून मान वर केली. भावोजींनी मला बाजूला घेऊन टिंब दाखवलं आणि सगळं सांगितलं. "जावई इथे येऊन गेले का?"

"आले होते. दाढीची ब्लेडं घेतली. नोट दिली, मोड मी परत केली."

"नीट आठव."

मी आठवायला लागले, आणि आठवलं ते भलतंच. एवढी मोठी नाणी आमच्याकडे देणारं गिऱ्हाईक एकच होतं. ताई! महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यायची, तेल, डाळ, साबण घ्यायची आणि रुमालाची गाठ सोडून नाणी मोजून द्यायची. गल्ल्याला सुट्ट्याची नेहमीच चणचण, म्हणून मी खूशच व्हायचे. घराच्या वाट्याला नाणी कधी येतच नाहीत, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आणि तीच नाणी मी महिन्याच्या महिन्याला भावोजींच्या हातात परत ठेवत होते!

"नाही आठवत," मी म्हटलं.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. खोटं वजन तळहातावर घेतल्यावर बघायचे, तसं.

"रविवारी घरी ये. सगळे डबे सगळ्यांसमोर तोलणार आहे."

"म्हणजे संशयितांत मी पण?"

"सगळेच आहेत."

"ताईसुद्धा?"

ते पहिल्यांदाच हसले. "तिला काय कळतंय त्यातलं!"

रविवारपर्यंतचे दिवस माझे वाईट गेले. ताईला गाठून विचारावं असं दहादा वाटलं. पण विचारलं आणि ती हो म्हणाली तर काय करायचं? म्हातारपणाचे पैसे तिने काढले तरी कशासाठी, हेच मला कळेना. अंगावर नवा कपडा नाही, कानात काही नाही. मग माझंही डोकं भरकटलं. कुणाला देते की काय, कुणी तिच्याकडून उकळतंय की काय. एक दिवस तर मी तिच्या मागोमाग दोन चौक चालत गेले. ती दूधवाल्याकडे गेली आणि परत आली.

रविवारी जेवणं झाल्यावर भावोजींनी टेबल पुसलं, ट्रंक ओढून बाहेर काढली आणि मोठा काटा मांडला. आधी रिकामा काटा शून्यावर आहे ना, ते बघितलं. मग एकेक डबा चढवला. मुलगी दाराला टेकून उभी, जावई खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून, मी खिडकीशी. ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. पहिला डबा, वजन बरोबर. दुसराही बरोबर. शेवटच्या, अर्ध्या भरलेल्या डब्यापर्यंत सगळं बरोबर. एका ग्रॅमचा फरक नाही.

भावोजी आनंदायला हवे होते. पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टिंबाचं नाणं समोर टेबलावर होतं, आणि डब्यातून काहीच गेलं नव्हतं.

"कुणीतरी माझा ठसा बनवून घेतलाय," ते म्हणाले. "बनावट टिंब आहे हे."

"बाबा, पुरे झालं!" मुलगी कडाडली. "साप साप म्हणून भुई धोपटताय नुसती. आम्ही आलो त्या दिवसापासून तुम्ही यांच्याकडे चोरासारखं बघताय, आम्हाला कळत नाही का?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

जावयाचे कान लाल झाले होते. तो हळूच म्हणाला, "एक डबा उघडून बघा ना, बाबा."

"कशाला? काटा खोटं बोलत नाही."

आतला नळ बंद झाला. ताई हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात लोणी लावायची बोथट सुरी होती. तिने शेवटचा डबा उचलला, टेबलावर उलटा धरला, फटीत सुरी सरकवली आणि डबा जरासा हलवला. सराईत हात होता. सुरीच्या पात्यावरून पहिला वायसर घसरून टेबलावर पडला. मग दुसरा, जरा लहान. पुन्हा एक मोठा, एक लहान. मग एक नाणं. मग पुन्हा वायसर.

लोखंडाचा तो ढीग वाढत गेला.

"काटा खरंच बोलला," ताई म्हणाली. "तुम्ही त्याला वजन विचारलंत, त्याने वजन सांगितलं. आत पैसे आहेत का, हे त्याला कुणी विचारलं?"

भावोजी वायसरकडे बघत होते. भंगारवाल्याशी ज्यांच्यापायी बोलणं टाकलं, तेच वायसर. "किती वर्षं?"

"हिला चष्मा लागला तेव्हापासून." ताईने मुलीकडे बोट केलं. "एक मोठा आणि एक लहान मिळून एका नाण्याएवढे भरतात. तुमच्याच काट्यावर बघितलं मी."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दोनदा. पहिल्यांदा तुम्ही बाजारभर फिरून भाव तपासून आलात आणि म्हणालात, भाव बरोबर आहेत, तूच जास्त आणतेस. दुसऱ्यांदा तुम्ही पीठ तोलून द्यायला लागलात. तिसऱ्यांदा मी नाही विचारलं."

"मग हौसेच्या पेटीतून घ्यायचे."

"त्या नोटा तुम्ही मोजता. नाणी तोलता. जे तोलता त्यातूनच मला काढता येणार होतं. आणि पेटीला कारण द्यावं लागतं. पोरीला भूक लागते, हे कारण हौसेत बसतं का?"

भावोजींचा आवाज चढला. संशयाचं भूत इतक्यात उतरणार नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जावयाकडे. "पण गेले कुठे? एवढे पैसे गेले कुठे? कुणाला दिलेस?"

"तुम्हाला," ताई म्हणाली. "तुमच्या ताटात वाढले. दुकानाची कमाई अर्ध्यावर आली, तुमचं दूध अर्ध्यावर आलं का? महिनाअखेरीला कधी रिकामं ताट आलं तुमच्यापुढे? सगळ्या जगावर शंका घेतलीत तुम्ही. त्या ताटावर एकदा तरी घ्यायची होतीत."

तिचा आवाज चढला नव्हता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. गरीब गाय म्हणत होते मी जिला, तिने इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि तिच्याकडून तीच नाणी घेत मी रोज गल्ल्यावर बसले होते.

जावयाने परवानगी विचारून बाकीचे डबे कापले. पहिले दोन निखळ नाण्यांचे होते, लग्नानंतरच्या त्या वर्षांचे, जेव्हा निम्म्यात घर चालायचं. तिसऱ्यात मधे मधे वायसर. चौथ्यात निम्मे. तिथून पुढे नाणी शोधावी लागत होती. इलेक्ट्रॉनिक काटे कधी आले, भाडं कधी वाढलं, मुलगी कॉलेजला कधी गेली, सगळं त्या डब्यांत थराथराने दिसत होतं. भावोजी एकेक थर बोटाने उकरत होते.

"अठ्ठावन्न किलो," ते स्वतःशीच म्हणाले. "अठ्ठावन्न किलो."

आता मला राहवेना. "भावोजी, मी गल्ल्यावर बसते म्हणून सांगते. नाण्याचं वजन तेवढंच राहिलं, त्यात येणारं दूध नाही राहिलं. तेव्हा एका नाण्यात दूध आणि भाजी यायची, आता नुसतं दूधही पुरतं येत नाही. ताईने काढलं तेव्हा त्याला किंमत तरी होती."

"मी हेच म्हणत होतो," जावई पुटपुटला.

भावोजींनी कपाटातून छोटा तराजू काढला, सोनारकामाचा असतो तसा नाजूक. एका पारड्यात नाणं ठेवलं, दुसऱ्यात वायसरची एक जोडी. बोटं इतकी थरथरत होती की जोडी दोनदा पडली, मग ताईनेच ती उचलून पारड्यात ठेवली. काटा मधोमध उभा राहिला. भावोजींनी दुसरी जोडी घेतली. पुन्हा मधोमध. एका वायसरची कड जराशी घासलेली होती. जड होता म्हणून तिने तो कानशीने उतरवला होता. त्यांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ फिरवतच राहिले.

"कुठे शिकलीस हे?"

"जेवण घेऊन दुकानात यायचे ना रोज. तुम्ही जेवायचात आणि मी बघायचे."

भावोजी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत मला त्यांचा राग आला, हसू आलं, लाज वाटली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची दया आली. साऱ्या बाजाराची लबाडी पकडणारा माणूस आणि दिव्याखाली अंधार. आणि वर्षअखेरीला दुकानाला कुलूप लावायचं होतं, ते आता कशाच्या जोरावर लावणार?

कुलूप लागलं नाही. पहिले दोन डबे जावयाबरोबर बँकेत गेले. भावोजी बरोबर गेले, नाणी मोजली जात असताना काचेला नाक लावून उभे राहिले, आणि पासबुक हातात पडल्यावर ते तळहातावर तोलून जावयाला म्हणाले, "याला वजनच नाही हो." माफी त्यांना मागता येत नाही. पण घरी येताना जावयासाठी ब्लेडांचं पाकीट आमच्या दुकानातून त्यांनी स्वतः विकत घेतलं, तेही हौसेच्या पेटीतल्या नोटेने. कारण विचारणारं आता कुणी नव्हतं. ती पेटी ताईच्या ताब्यात आहे. आधी महिन्याचा खर्च काय येतो ते ती बघते आणि मग वाटे करते. कधी म्हातारपणाला चतकोर निघतो, कधी चिमूटभर. निघतो तो खरा असतो.

भंगारवाल्याशी भावोजी पुन्हा बोलायला लागले, मात्र बादली त्यांनी बाकाखाली आणखी आत सरकवली. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो.

आणि बाकावर आता ताई बसते. शिसं भरणं, घासणं, शेवटचा कण उतरवणं, सगळं तिच्या हातचं. भावोजी शेजारी स्टुलावर बसून सूचना करतात, ज्या ती ऐकत नाही. परवा दोघं आमच्या दुकानात वजनं घेऊन आले. मालकांना इतक्या वर्षांचा सूड घ्यायची संधी कुठली सोडवते?

"काटेमास्तर, वजनं बाईंनी केलीत म्हणे. खात्री आहे ना?"

भावोजींनी वजन उचलून तळहातावर घेतलं, पण तोललं नाही, नुसतं मालकांपुढे धरलं.

"या हाताने माझ्या काट्याला इतकी वर्षं फसवलं," ते म्हणाले. "याहून खात्रीचा हात तुम्हाला बाजारात मिळायचा नाही."

मी गल्ल्यातून पैसे काढून दिले. भावोजींनी ते घेतले आणि न बघता ताईच्या हातात ठेवले. ताईने मात्र ते दोनदा मोजून घेतले.